लेन्सवरचा यूव्ही फिल्टर, जुना की नवा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्डीत कुठल्याही दुकानात लेन्स घ्या, बिल होण्याआधी काउंटरवरून एक प्रश्न हमखास येतो: "यूव्ही फिल्टर लावून देऊ ना?" आपण मान डोलावतो. घरी आल्यावर आठवतं की बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असाच एक फिल्टर कधीचा पडून आहे. मग मला फोन येतात. नेहमी तेच ते विचारलं जातं, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

माझं मत आधीच सांगतो. अतिनील (म्हणजेच यूव्ही) किरणं अडवण्यासाठी आज डिजिटल कॅमेऱ्याला फिल्टर घ्यायची गरज नाही. घ्यायचा तर धूळ, बोटांचे डाग आणि गुलाल यांच्यासाठी घ्या. आणि फिल्टर किती सालचा आहे हे विचारण्याआधी त्याच्या काचेवर कोटिंग, म्हणजे परावर्तन रोखणारा पातळ थर, कसलं आहे ते बघा.

दादा, बाबांच्या निकॉन एफएम१० वरचा जुना यूव्ही फिल्टर माझ्या नव्या लेन्सवर बरोबर बसतो. लावू का?

बसणारच. एफएम१० या फिल्म कॅमेऱ्यासोबत जी ३५-७० लेन्स यायची तिचा फिल्टर ५२ मिमीचा, आणि निकॉनच्या आजच्या झेड ४० मिमी एफ/२ लासुद्धा ५२ मिमीच लागतो. माप जुळलं की आटेही जुळतात. पेंटॅक्स के१००० च्या ५० मिमी लेन्सचा फिल्टर ४९ मिमीचा, याशिका इलेक्ट्रो ३५ चा ५५ मिमीचा. ही मापं आजही चालू आहेत, त्यामुळे घरातला जुना फिल्टर नव्या लेन्सवर चढणं अगदी नेहमीचं आहे. लेन्सवर ⌀ या खुणेपुढे जो आकडा असतो तो फिल्टरचा. मिमीमध्ये लिहिलेली फोकल लेंग्थ वेगळी. ५० मिमीच्या लेन्ससाठी ५० मिमीचा फिल्टर मागणारे लोक दर महिन्याला भेटतात.

लावायचा की नाही हे ठरवायला ट्यूबलाइटखाली एक मिनिट पुरतं. कसं ते पुढे कोटिंगच्या प्रश्नात आहे.

फिल्मच्या काळात यूव्ही फिल्टर लागायचाच कशाला?

तेव्हा तो खरोखर कामाचा होता. फिल्मवरचे चांदीचे क्षार निळ्या आणि अतिनील प्रकाशाला मुळातच संवेदनशील असतात. डोळ्याला साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचं काही दिसत नाही, पण फिल्मला ते 'दिसायचं', आणि रंगीत फिल्ममध्ये त्याची नोंद निळ्या थरात व्हायची. म्हणून डोंगरावरून काढलेल्या फोटोत लांबचा देखावा डोळ्यांना दिसला त्यापेक्षा निळसर आणि फिका यायचा. उंचावर हवा विरळ, अतिनील किरणं जास्त, म्हणून हिमालयात गेलेल्यांना हा त्रास सगळ्यांत मोठा. त्यात स्लाइड फिल्म असेल तर जे उमटलं तेच अंतिम. मागाहून रंग सुधारायची सोय नाही.

निकॉनच्या जुन्या फिल्टरांवर 'एल३७' किंवा 'एल३९' लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे साधारण कुठल्या तरंगलांबीपासून खालचा प्रकाश अडतो त्याची खूण: ३७० आणि ३९० नॅनोमीटर. 'एल३७सी' मधला 'सी' कोटिंगचा. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच कामाच्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन जुन्या फिल्टरांपैकी एक कोटिंगवाला आणि एक बिनकोटिंगचा असू शकतो. 'जुना म्हणजे टाकाऊ' असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळेच.

मग डिजिटलमध्ये यूव्हीचा काहीच उपयोग नाही?

रंगांसाठी जवळपास नाही. सेन्सरच्या पुढेच अतिनील आणि अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे आयआर) किरणं अडवणारा काचेचा थर बसवलेला असतो. त्याच्या आधी लेन्समधल्या डझनभर भिंगांनी, भिंगं जोडणाऱ्या सिमेंटने आणि कोटिंगने बरंच अतिनील खाऊन टाकलेलं असतं.

एक अपवाद गमतीचा आहे. २००६ साली आलेल्या लायका एम८ मध्ये सेन्सरपुढचा थर फार पातळ होता, आणि काळे कृत्रिम कपडे फोटोत जांभळट यायचे. त्यासाठी लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावावा लागायचा. पण तो दोष अवरक्ताचा होता, अतिनीलाचा नव्हे. आणि आपल्यापैकी कितीजण एम८ घेऊन फिरतात?

पण नागपूरच्या उन्हाळ्यात तर लांबचं सगळं धुरकट दिसतं. यूव्हीने ते कमी होईल ना?

नाही होणार. हा गैरसमज दुकानात बसूनही पसरवला जातो, म्हणून जरा नीट सांगतो.

धुरकटपणा दोन तऱ्हेचा. एक हवेच्या रेणूंमुळे. त्यात प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितका तो जास्त विखुरतो, तोही चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणून लांबचे डोंगर निळे. इथे अतिनील कापलं की फिल्मवर फरक दिसायचा. दुसरा धूळ, धूर आणि बाष्प यांच्यामुळे. हे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून तो पांढुरका दिसतो. त्याच्यापुढे यूव्ही फिल्टर काही करू शकत नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. रामटेकच्या गडावरून एप्रिलच्या दुपारी जो पांढरा पडदा दिसतो तो धुळीचा. त्याला सकाळी लवकर जाणं, एखादा पाऊस पडून गेल्यावर जाणं किंवा नंतर संगणकावर 'डीहेझ'ची पट्टी सरकवणं, हे तीनच उपाय. पोलरायझरने, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या फिरत्या फिल्टरने, थोडा फरक पडतो, सूर्य बाजूला असेल तर.

आणि मे महिन्यात जमिनीवरून जी हवा थरथरते, तिच्यामुळे फोटो मऊ येतात. त्याचा दोष फिल्टरला देऊ नका. नवतपात भर दुपारी फिल्टर लावून आणि काढून तुलना करणाऱ्यांना दोन्ही फोटो खराब मिळतात. तुलना सकाळी सातच्या आधी करा.

जुन्या आणि नव्या फिल्टरमध्ये नेमका फरक काय?

कोटिंग. बाकी सगळं त्याच्यानंतर.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के गेला. एकेरी कोटिंग असेल तर प्रत्येक बाजूचं परावर्तन दीड टक्क्याच्या आसपास येतं. चांगल्या बहुपदरी कोटिंगमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातं. आठ टक्के प्रकाश कमी झाला याचं दुःख नाही, कॅमेरा एक्सपोजर सांभाळून घेतो. दुःख याचं की परत फिरलेला प्रकाश लेन्सच्या आत भटकतो. काळा रंग राखाडी होतो, दिव्यांच्या भुतासारख्या प्रतिमा उमटतात.

ही कला तशी जुनीच. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या कोटिंगची पद्धत १९३५ मध्ये शोधली. पेंटॅक्सने १९७१ मध्ये सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार लेन्स आणल्या. पण लेन्सला जे मिळालं ते स्वस्त फिल्टरला मिळायला बराच वेळ लागला, आणि अगदी तळच्या किमतीच्या फिल्टरला आजही मिळालेलं नाही. म्हणून काल दुकानातून आणलेला, चकचकीत डबीतला फिल्टर बाबांच्या काळातल्या होया एचएमसी किंवा बी प्लस डब्ल्यू एमआरसी या बहुपदरी कोटिंगच्या फिल्टरांपेक्षा वाईट असू शकतो.

ट्यूबलाइटखाली असं बघा. फिल्टर काळ्या कापडावर ठेवा. कापड नसेल तर बंद मोबाईलच्या काळ्या पडद्यावर. मग तिरकं बघत ट्यूबचं प्रतिबिंब काचेत पकडा. ट्यूब लख्ख पांढरी, आरशात दिसावी तशी दिसली तर काच बिनकोटिंगची. फिकट जांभळी किंवा पिवळसर छटा असेल तर बहुतेक एकेरी. प्रतिबिंब मंद आणि गडद हिरवं किंवा किरमिजी असेल, आणि ट्यूब शोधायला डोळे बारीक करावे लागत असतील, तर बहुपदरी. नीट पाहिलं तर दोन प्रतिबिंबं दिसतात, पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची. एक रंगीत आणि एक पांढरं दिसलं तर कोटिंग एकाच बाजूला आहे. असे फिल्टरही 'मल्टी-कोटेड' म्हणून विकले जातात. डबीवर काय छापलंय याच्यापेक्षा या ट्यूबवर विश्वास ठेवा.

रात्री फुटाळ्यावर काढलेल्या फोटोत आकाशात हिरवे ठिपके येतात. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक असते, बहुतेक वेळा फिल्टरच कारण असतो. ठिपके कुठे आहेत ते बघा: फोटोच्या मध्यबिंदूतून आरपार रेषा काढली तर प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर समोर एक खरा दिवा सापडेल. दिव्यांची रांग खाली डावीकडे, तर ठिपक्यांची रांग वर उजवीकडे, उलटी.

होतं असं की दिव्याचा प्रकाश चकचकीत सेन्सरवरून परावर्तित होऊन लेन्समधून बाहेर निघतो आणि फिल्टरच्या सपाट काचेच्या मागच्या बाजूवर आपटून पुन्हा आत येतो. लेन्सच्या भिंगांचा पृष्ठभाग वाकडा असल्याने तिथून परतलेला प्रकाश सहसा पसरून जातो. फिल्टर सपाट, म्हणून त्याचं परावर्तन थेट फोकसमध्ये येऊन बसतं. फिल्टर भारी असेल तर ठिपके फिके होतात, पूर्ण जात नाहीत. रात्री दिवे, दिवाळीची रोषणाई, समोर सूर्य: फिल्टर काढून खिशात ठेवा. काढायला दहा सेकंद लागतात.

पाणी आणि तेल न चिकटणारं नवं कोटिंग खरंच कामाचं असतं, की नुसती जाहिरात?

हेच तर नव्या फिल्टरचं खरं कौतुक. जुन्या बहुपदरी कोटिंगवर बोट लागलं की डाग पुसताना नाकी नऊ यायचे. कापड फिरवलं की डाग नुसता पसरायचा. जुने एचएमसी ज्यांनी पुसले आहेत त्यांना हे माहीत आहे. नव्यावर पाण्याचे थेंब गोळ्या होऊन ओघळतात आणि बोटाचा ठसा कोरड्या मायक्रोफायबरने निघतो. पाऊस, लग्नाची पंगत, लहान मुलं अशा ठिकाणी फोटो काढणाऱ्यांनी याच एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.

दुकानदार म्हणतो 'प्रोटेक्टर' घ्या, यूव्ही नको. दोन्हींत फरक काय?

प्रोटेक्टर म्हणजे अतिनील न कापणारी, फक्त कोटिंग केलेली स्वच्छ काच. निकॉनचा एनसी, कॅननचा प्रोटेक्ट, बी प्लस डब्ल्यूचा ००७ हे सगळे त्यातले. बी प्लस डब्ल्यूचा यूव्ही तो ०१०. डिजिटलवर फोटोत फरक ओळखू येत नाही. जो चांगल्या कोटिंगचा आणि स्वस्त मिळेल तो घ्या. घरात फिल्म कॅमेरा अजून चालू असेल तर यूव्ही घ्या, दोन्हीकडे लागेल.

जुन्या बॅगेत 'स्कायलाइट १बी' लिहिलेला फिल्टर सापडला. गुलाबी दिसतो.

तो तसाच असतो. सावलीत निळ्या आकाशाचा रंग चेहऱ्यावर उतरतो, तो मारायला किंचित गुलाबी छटा दिलेली असते. १ए फिकट, १बी थोडा गडद. डिजिटलमध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची आपोआप रंग सुधारायची सोय, ही छटा धुऊन टाकतो. फिल्मसाठी जपून ठेवा.

रिंग जाड आहे. चालेल का?

टेलि (लांबचं जवळ आणणारी लेन्स) किंवा ५० मिमीवर चालेल. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी किंवा त्याहून रुंद लेन्स असेल तर जुन्या जाड रिंगमुळे कोपरे काळे होऊ शकतात, विशेषतः वर आणखी एक फिल्टर चढवला तर. नव्या पातळ रिंगा त्यासाठीच आल्या. अगदी पातळ रिंगेला पुढे आटे नसतात, मग त्यावर लेन्सचं झाकण नीट बसत नाही. घेताना झाकण लावून बघा.

रिंगच्या बाबतीत जुना माल कधीकधी सरस असतो. पितळी रिंग ॲल्युमिनियमच्या आट्यांत सहसा अडकत नाही. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम मात्र अडकतं, आणि मध्ये मुरमाची धूळ गेली की विचारूच नका. फिल्टर फिरवताना 'कर्र' असा आवाज आला की तिथेच थांबा, उलटा फिरवून काढा आणि दोन्हीकडचे आटे कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या.

पेंचला जातोय. १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सवर फिल्टर ठेवू का?

मी ठेवत नाही. या जातीच्या बऱ्याच लेन्सना ९५ मिमीचा फिल्टर लागतो. एवढी मोठी काच अगदी सपाट बनवणं खर्चिक असतं, आणि काचेतला थोडासा वाकडेपणाही ६०० मिमीवर दिसून येतो: वाघाच्या मिशा दुहेरी, मागच्या बांबूंच्या रेषा घाणेरड्या. लांब हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी नळी) लावला की पुढचं भिंग तसंही खोल आत राहतं.

सिल्लारीच्या किंवा खुर्सापारच्या वाटेवर पुढच्या जिप्सीची धूळ थेट अंगावर येते, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे जिप्सी चालू असताना लेन्सवर सुती दुपट्टा टाकणं. प्राणी दिसला की गाडी थांबतेच, तेव्हा काढा. लहान झूम किंवा लँडस्केपची लेन्स सोबत असेल तर तिच्यावर फिल्टर जरूर ठेवा, कारण ती सतत हातात आणि उघडी असते.

धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्सच्या प्रमाणावर क्वार्ट्झचा कठीणपणा ७, बहुतेक भिंगांची काच त्याच्याहून मऊ. म्हणून आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्यांनी लेन्सवर पैसे खर्च करू नयेत.

वेदर-सील, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देणाऱ्या, लेन्सला फिल्टर लागतोच म्हणे?

काहींना लागतो. कॅननच्या १७-४० एफ/४ एल आणि १६-३५ एफ/२.८ एल टू या लेन्सना पुढून पूर्ण बंदिस्त करायचं तर फिल्टर लावा, असं कंपनीच सांगते. बाकीच्यांची माहितीपुस्तिका बघा.

लेन्स पडली तर फिल्टर वाचवतो का?

कधी वाचवतो, कधी नडतो. फिल्टरची काच पातळ असते, ती पुढच्या भिंगापेक्षा फार कमी धक्क्यात फुटते. त्यामुळे 'फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली' असं लोक सांगतात तेव्हा लेन्स तशीही वाचली असती, अशी बरीच शक्यता असते. रिंग चेपली जाऊन लेन्सचे आटे वाचतात, हा फायदा खरा. आपटण्यापासून वाचवायला हूड जास्त कामाचा. प्लॅस्टिकचा हूड तुटतो आणि धक्का स्वतः पचवतो.

मग कायम लावून ठेवू की नको?

उन्हात बाहेर पडताना आपण डोक्याला दुपट्टा बांधतो आणि घरात आलो की सोडतो, तसं करा. धूळ, गर्दी, रंग, पावसाची झड असेल तिथे लावा. घरात, स्टुडिओत, रात्री, आणि सूर्य समोर असताना काढा.

जुना बिनकोटिंगचा फिल्टर फेकून देऊ?

अजिबात नको! होळीला, गणपती विसर्जनाच्या गुलालात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीच्या गर्दीत जायचं असेल तेव्हा तोच लावा. दिवसा, सूर्य पाठीमागे ठेवून काढलेल्या फोटोत त्याचा तोटा फारसा दिसत नाही. गुलालाने खराब झाला तर जीव हळहळत नाही. भारी फिल्टर अशा दिवशी घरी ठेवावा.

नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चने फिल्टर खरा की खोटा ते कळतं का?

टॉर्चवर अवलंबून आहे. स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरच्या असतात. ३७० पाशी कापणारा अस्सल एल३७ तो प्रकाश आरामात जाऊ देतो, आणि पाचशेच्या नोटेवरचे क्रमांक फिल्टरमधूनही चमकतात. मग चांगल्या फिल्टरला 'डुप्लिकेट' ठरवून लोक भांडायला जातात. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च असेल तर चमक कमी झालेली दिसायला हवी. अर्थात डिजिटलवाल्याला या परीक्षेत पास-नापास होण्याशी काही देणंघेणं नाही. त्याने ट्यूबलाइटचीच परीक्षा घ्यावी.

जुन्या फिल्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

बुरशी. फिल्टरवर असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. जाळं गेलं पण काचेवर खरवडल्यासारख्या खुणा राहिल्या, तर बुरशीने कोटिंग खाल्लं, ते परत येत नाही. असा फिल्टर नव्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

आपल्याकडे बुरशीचा काळ पावसाळा, आणि त्याला हातभार लावतो कूलर. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडीठाक असते तोवर कूलरच्या खोलीत फारसं बिघडत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावरही आपण उकाड्यापायी कूलर पाणी घालून चालवतो, आणि त्याच्याच समोरच्या कपाटात कॅमेऱ्याची बॅग असते. बॅग दुसऱ्या खोलीत हलवा. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. निळं गुलाबी झालं की तापवून कोरडं करा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की पुरे.

फिल्टर अडकलाय, निघतच नाही.

दोन बोटांत जोरात पकडू नका. रिंग लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा रिंगभोवती गुंडाळा, किंवा रबरी चपलेचा स्वच्छ तळवा रिंगवर सपाट टेकवा, आणि हलकेच फिरवा. उन्हातून आल्या आल्या नाही निघाला तर लेन्स गार होऊ द्या.

पोलरायझर यूव्हीच्या वर लावू?

यूव्ही काढून लावा.

ग्रहणाचे फोटो यूव्हीमधून काढता येतील?

नाही. यूव्ही फिल्टर दिसणारा प्रकाश आणि उष्णता दोन्ही जवळपास पूर्ण आत सोडतो. डोळा आणि सेन्सर दोन्ही जातील. त्याला खास सौर फिल्टरच लागतो.

फिल्टरची काच फुटून लेन्सवरच अडकली आहे. आता?

लेन्सचं तोंड जमिनीकडे करा आणि काम संपेपर्यंत तसंच ठेवा. सैल तुकडे हलकेच टिचकी मारून खाली पडू द्या, मग खालून वर ब्लोअर मारा. कापड लावू नका, काचेचा चुरा भिंगावर घासला की जे फुटताना वाचलं तेही जातं. रिंगमध्ये अडकलेले मोठे तुकडे चिमट्याने आतून बाहेरच्या दिशेने ओढा. काच पूर्ण निघाल्यावर रिंग सायकलच्या ट्यूबने फिरवून बघा. रिंगला पोचा आला असेल आणि फिरत नसेल तर पक्कड लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्यांच्याकडे पोचा उठवायचं स्क्रूचं अवजार असतं. जाताना लेन्स तोंड खाली करून, झाकण न लावता न्या, नाहीतर उरलेला चुरा झाकणात आणि भिंगात दाबला जाईल.